आबांचा रेकॉर्ड

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या आबांनी आयुष्यात रॅकेट धरली ती डास मारायची. पण बॅडमिंटनच्या थॉमस करंडकाचा विषय निघाला की समोरच्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. सुरुवात नंदू नाटेकरांपासून. 1956 साली क्वालालंपूरची सेलंगर स्पर्धा मारली, परदेशात किताब मिळवणारा पहिला भारतीय! कुणी हटकलं, “आबा, ते सांगलीचे,” तर उत्तर तयार: “मग? नरसोबाच्या वाडीला आपली पंचगंगा कृष्णेलाच मिळती न्हवं?”

तिथून उडी थेट 2022 वर. तोवर करंडकावर पाचच देशांची नावं, त्यात इंडोनेशियाचं 14 वेळा. मलेशिया आणि डेन्मार्कला आपण 3-2 नं हरवलं, दोन्हीकडं शेवटची लढत प्रणॉयनं काढली. डेन्मार्कविरुद्ध त्याचा घोटा मुरगळला, हे सांगताना आबा स्वतःचा पाय चोळतात.

इंडोनेशियाविरुद्धची बँकॉकची फायनल तर ते एकेका गुणासकट सांगतात. गंमत अशी, की त्यांनी ती पाहिलीच नाही. 15 मे, रविवार, घरात मटण शिजतंय. लक्ष्य सेन पहिला गेम 8-21 हरला, तसे आबा “ह्यांच्यानं काय व्हत न्हाई” म्हणत गॅलरीत गेले. इकडं लक्ष्यनं गिंटिंगला लोळवला. आबा परत यायला निघाले, तर काकूंनी दारातच अडवलं, “तिथंच थांबा!” सात्विक-चिराग मॅच पॉइंट वाचवून जिंकले, श्रीकांतनं क्रिस्टीला दोन गेममध्ये गुंडाळलं. 3-0. आबा उन्हात, पांढरा रस्सा घरात, आणि आतला आरडाओरडा हेच थेट प्रक्षेपण. दुसऱ्या दिवशी मात्र कट्ट्यावर, “डोळ्यानं बघितलंय मी!” त्यांची एक तक्रार तेवढी रास्त आहे: ज्यानं फायनलपर्यंत आणलं, त्या प्रणॉयची पाळी फायनलला आलीच नाही.

2023 ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा फायनल. चीनवर आपण 2-0 नं पुढं. काकूंनी गॅलरीकडं बोट दाखवलं. आबा सोफ्यावरनं हलेनात. “शाहू महाराजांच्या गावात असली अंधश्रद्धा?” भारत 3-2 नं हरला. प्रणॉय पाठीच्या दुखण्यानं बाहेर होता, हे आबांचं कारण शंभर टक्के खरं, पण गल्लीत ते कुणी ऐकून घेत नाही. पुरुष सांघिक बॅडमिंटनमधलं भारताचं आशियाई स्पर्धेतलं ते पहिलंच रौप्यपदक. आमच्या गल्लीच्या दप्तरी मात्र आबांनी घालवलेलं सुवर्ण अशीच त्याची नोंद आहे.