किरकोळ दुखापत कशी जोपासावी

मोठी दुखापत सोपी असते. पाय प्लास्टरमध्ये गेला की पुढचे निर्णय डॉक्टर, बायको आणि विमा कंपनी मिळून घेतात. रनरने फक्त पडून राहायचं असतं. किरकोळ दुखापतीचा सगळा कारभार मात्र त्याला एकट्याला पाहावा लागतो. त्यातून वाळवंटातल्या अल्ट्रामॅरेथॉनचं प्रवेशशुल्क भरून झालेलं असेल, तर त्याची सारासार बुद्धी कितपत शिल्लक असते हे घरच्यांना विचारावं. सदर मार्गदर्शन अशा गरजूंसाठी आहे.

शर्यत म्हणजे ‘मॅरेथॉन दे साब्ल’. १९८६पासून ती मोरोक्कोतल्या सहारात भरते. अंतर सुमारे २५० किलोमीटर, टप्प्याटप्प्यांत. त्यातला एक टप्पा ऐंशीच्या आसपास. पाणी आणि तंबू आयोजकांचे. आठवड्याभराचं खाणं आणि अंथरूण-पांघरूण ज्याचं त्याच्या पाठीवर. यासाठी पुण्यात राहून सराव करणाऱ्याला वाळवंट मिळत नाही. वाळू मिळते ती अलिबागला, नाहीतर शेजारच्या बांधकामावर. दुखापत मात्र घरबसल्या मिळते.

ती मिळाल्यावर सर्वप्रथम नामकरण उरकून घ्यावं. ‘टाच दुखते’ असं चारचौघांत कधीही म्हणू नये. टाच वरच्या मजल्यावरच्या काकूंचीही दुखते. ‘प्लांटर फॅशिआयटिस’ म्हणावं. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते आणि थोडं चाललं की ओसरते, ही त्याची खूण. काकूंचंही नेमकं हेच होतं, पण त्या मोरोक्कोला निघालेल्या नसल्यामुळे त्यांच्या दुखण्याला इंग्रजी नाव मिळत नाही. सिंहगड उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कळ आली, तर ‘आयटी बँड’. नडगी दुखली, तर ‘शिन स्प्लिंट’.

हे शेवटचं नाव जपून ठेवावं. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर लांबीत ठणका असेल तर ते बहुधा खरं. पण एका बोटाच्या टोकाखाली नेमकी जागा सापडत असेल आणि रात्री अंथरुणातही ती ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी, धावणं त्याच दिवशी बंद करावं आणि डॉक्टर गाठावा. पहिल्या काही आठवड्यांत असा तडा साध्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही, त्यामुळे ‘एक्स-रे क्लीन आहे’ म्हणून पेढे वाटू नयेत. (हा मजकूर विनोदी लेखात चुकून छापला गेला असावा, असा समज करून घेऊन कृपया पुढे जाऊ नये.)

नाव ठरलं की सल्लागार मंडळ नेमावं. काकू रक्तचंदन उगाळून देतील. सासरे आंबेहळदीचा लेप सांगतील. गावाकडचे काका निर्गुडीचा पाला पाठवतो म्हणतील आणि खरंच पाठवतील. रनिंग ग्रुपवरचे लोक फोम रोलर, बर्फ, बर्फ अजिबात नको, आणि बूट बदल, असे चार उपाय एकाच मिनिटात देतील. हे सगळे करून पाहावेत, शक्यतो एकाच दिवशी. म्हणजे गुण कशाने आला हे कोणालाच कळत नाही आणि सर्वांशी संबंध चांगले राहतात. ऑर्थोपेडिककडे सर्वांत शेवटी जावं. तो ‘तीन आठवडे धावू नका’ म्हणतो, आणि आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट फी देऊन ऐकण्यात काय हशील? आईकडे तर मुळीच जाऊ नये. “कशाला रे तिकडे पोळायला जातोस? आपल्याकडचं ऊन संपलं का?” या प्रश्नाला उत्तर नाही. चंद्रपूरच्या माणसासमोर तर मोरोक्कोच्या उन्हाचा विषयच काढू नये.

आता मुख्य विषय: फोड. या शर्यतीत मोठमोठे वीर गुडघ्याने नव्हे, फोडांनी जायबंदी होतात. तिथलं वैद्यकीय पथक संध्याकाळी तळावर ओळीने बसलेल्यांचे पाय पाहतं. तेव्हा फोडांची तालीम घरीच व्हायला हवी.

बूट घासतो म्हणून फोड येतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मोज्याला चिकटलेली कातडी जागेवर राहते आणि आतलं हाड पुढेमागे सरकतं. त्या ओढाताणीत कातडीचे थर आतल्या आत सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. घाम, उष्णता आणि बुटात शिरलेली वाळू हे काम झटपट उरकतात. म्हणून वाळू आत येऊ नये यासाठी बुटाच्या कडेने वेल्क्रोची पट्टी शिवून त्यावर पॅराशूटच्या कापडाची खोळ चढवतात. पट्टी नुसती गोंदाने चिकटवली तर उन्हात सुटण्याचा धोका, म्हणून नाक्यावरच्या चपला-बूट शिवणाऱ्या काकांकडे जावं. “साहेब, बुटाला परकर कशाला?” असं ते विचारतील. खरं कारण सांगितलं तर पैसे जास्त घेतील, किंवा दयेने अजिबात घेणार नाहीत.

या सगळ्या खर्चात एक अपमानास्पद बातमी. वाळवंटातल्या अशाच २५० किलोमीटरच्या शर्यतींमधल्या रनरांवर एक चाचणी झाली. ती २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. पायाला आधीच साधी कागदी चिकटपट्टी, कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारी, लावून ठेवली तर त्या जागी फोड येण्याचं प्रमाण बरंच कमी झालं. परदेशातून मागवलेल्या मोज्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

तरीही फोड आलाच, तर सूडबुद्धीने फोडू नये. लहान, न दुखणारा असेल तर तसाच झाकावा. मोठा आणि दुखरा असेल तर जागा साफ करून, निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून पाणी काढावं. वरची कातडी मात्र सोलू नये. तिच्याइतकं चांगलं ड्रेसिंग बाजारात नाही. मधुमेह्यांनी हे उद्योग घरी करू नयेत. फोडाभोवती लाली पसरली, ताप आला किंवा पू झाला, तर विनोद थांबवावा.

गोळ्यांविषयी थोडक्यात. लाँग रनच्या आधी आयबुप्रोफेन घेऊन दुखणं गप्प करण्याची पद्धत लोकप्रिय आहे. अशाच टप्प्याटप्प्यांच्या शर्यतींतल्या ८० किलोमीटरच्या टप्प्यावर काहींना आयबुप्रोफेन आणि काहींना औषध नसलेली गोळी देऊन पाहिलं. २०१७च्या त्या अहवालानुसार मूत्रपिंडाला इजा झाल्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत निम्म्याहून थोडं जास्त, ५२ टक्के होतं; दुसऱ्या गटात ३४. म्हणजे अशी शर्यत औषधाशिवायही मूत्रपिंडाला त्रास देतेच. त्यात आपण भर घालायची गरज नाही.

उरली विश्रांती. रनरला हा शब्द उच्चारताना त्रास होतो, म्हणून त्याने ‘रिकव्हरी ब्लॉक’ म्हणावं. आठ-दहा दिवस न धावल्याने कमावलेला दम फारसा जात नाही. जातो तो स्ट्रावा अ‍ॅपवरचा आलेख, आणि त्याच्या शोकात सोसायटीत कोणी सामील होत नाही. शिवाय या शर्यतीचा उगमच चालण्यातून झाला आहे. तिचे संस्थापक पॅट्रिक बाउअर १९८४मध्ये सहारात एकटेच सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालले, आणि त्यातून शर्यतीची कल्पना निघाली. आजही भाग घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण बराचसा रस्ता चालतच जातात. सगळ्यांच्या मागे उंट चालवण्याची प्रथा आहे; उंट तुमच्या पुढे गेला की तुमची शर्यत संपली. म्हणजे जिंकायचं कोणाला, तर उंटाच्या चालीला. डॉक्टरांनी धावणं बंद केलं पण चालायची मोकळीक दिली असेल, तर पाठीवर सात-आठ किलोंची सॅक घेऊन वेताळ टेकडीवर झपझप चालणारा माणूस शर्यतीची खरी तयारी करतो आहे. लंगडत पाच किलोमीटर धावून स्क्रीनशॉट टाकणारा करत नाही.

आणि किरकोळ दुखण्याला किरकोळ म्हणण्यापूर्वी मौरो प्रोस्पेरीची हकीकत ऐकावी. हा इटालियन १९९४च्या शर्यतीत वाळूच्या वादळात वाट चुकला. त्याने सांगितल्याप्रमाणे वटवाघळांचं रक्त पिऊन तगला आणि नऊ-दहा दिवसांनी सीमेपलीकडे, अल्जीरियात सापडला. १९९८मध्ये गडी पुन्हा त्याच शर्यतीत उतरला. या खेपेला घात वादळाने केला नाही, वाट चुकल्यानेही नाही. पायाच्या बोटाला जबर ठेच लागली आणि शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली.

तेव्हा पायाची नखं आज रात्रीच कापा, आणि सरळ कापा.