कलम तेरा आणि आमच्या गल्लीतल्या आक्का

भाची पुण्याहून आली ती एक सॅक, एक लॅपटॉप आणि बेचाळीस प्रश्न घेऊन. एलएल.एम.चा लघुशोधप्रबंध लिहायचा होता. विषयाचं नाव एका दमात वाचायचं तर मध्ये पाणी प्यावं लागेल: ‘विकसनशील देशातील गृहाधारित कामगार, कामगार कायदे आणि सार्वजनिक धोरण: विशेष संदर्भ हुपरी.’ त्यातलं ‘विशेष संदर्भ हुपरी’ एवढंच मला नीट कळलं, आणि तेवढ्यानंच ऊर भरून आला. तीस वर्षं इथल्या पोरांना मी ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ शिकवलं. पण गावच कधी संदर्भ होईल असं वाटलं नव्हतं.

“मामा, मला चाळीस कारागीर मिळतील का?”

“दारात उभी राहा आणि शिंक. चाळीस जण ‘काय झालं’ म्हणून येतील.”

तिनं सांगितलं की असं चालत नाही, नमुना निवडीची पद्धत असते. तिची पद्धत स्नोबॉलची. म्हणजे एकाला गाठायचं, तो दुसऱ्याचं नाव सांगतो, दुसरा तिसऱ्याचं, असा बर्फाचा गोळा वाढत जातो. हुपरीत बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. पण पद्धत ओळखीची वाटली. आमच्याकडं याला ‘कुणाची गं तू?’ म्हणतात. हा प्रश्न पहिल्या दारात तिलाच विचारला गेला, आणि पुढची सगळी दारं त्याच्या उत्तरावर उघडली. तिच्या बेचाळीस प्रश्नांआधी तिलाच एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं, हे काही तिनं प्रबंधात लिहिलेलं नाही.

ज्यांनी हातकणंगले तालुक्याचा हा कोपरा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हुपरीला चंदेरी नगरी म्हणतात, पण रस्त्यानं जाताना चंदेरी असं काही दिसत नाही. सगळं घरात. पैंजण, वाळे, जोडवी, करदोडे. देशभरच्या बायकांच्या पायात जे वाजतं त्यातलं पुष्कळसं आधी आमच्या गल्लीत वाजून गेलेलं असतं. चांदी आटते एका घरात, तार ओढली जाते दुसऱ्या, कड्या पडतात तिसऱ्या. त्या कड्या जोडायला चौथ्या घरी, डाखायला पाचव्या, घुंगरं लावायला आणखी कुठं, आणि उजाळा द्यायला पार दुसऱ्या टोकाला. प्रत्येक उंबऱ्यावर वजन करून द्यायची, वजन करून घ्यायची. मधे जी कमी भरते ती घट. एका पैंजणाचा जोड गिऱ्हाइकाच्या पायात पडायच्या आधी आमच्या गावातच इतका चालतो की दमून जावा.

भाचीचा घोटाळा इथंच सुरू झाला. १९४८च्या कारखाना कायद्याची मूळ व्याख्या अशी होती: वीज वापरत असाल तर दहा कामगार, नसाल तर वीस, मग तो कारखाना. तिनं पहिल्या घरात मोजले तर तीन. दुसऱ्यात दोन आणि एक म्हातारी. तिसऱ्यात चार, पण त्यातला एक शाळेतनं आल्यावर नुसता बघत बसलेला. संध्याकाळी ती वहीत आकडे मांडून म्हणाली, “मामा, इथं कारखाना कुठंच नाही.” मी म्हटलं, “सगळी गल्ली धर. मग भरतील.” तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ते वाक्य लिहून घेतलं. शिक्षकी पेशात कुणी आपलं वाक्य आपणहून लिहून घेण्याचा योग फार कमी येतो.

पहिली मुलाखत समोरच्या आक्कांची. मी ओळख करून द्यायला गेलो आणि चहासाठी थांबलो. आक्का भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर पाट, पाटावर स्टीलचं ताट, ताटात कड्यांचा ढीग. डाव्या हाताच्या दोन बोटांत साखळीचं टोक, उजव्या हातात चिमटा. चिमट्यानं कडी उचलायची, जराशी फाकवायची, आधीच्या कडीत अडकवायची, दाबायची. डोळे टीव्हीवर. बोटांना डोळ्यांची गरज उरलेली नव्हती.

“आक्का, तुम्ही काय काम करता?” प्रश्न क्रमांक दोन.

“मी? मी काय न्हाई बाई. घरातच असतो.” एक कडी अडकली.

भाचीनं पेन उचललेलं तसंच ठेवलं. मग प्रश्न क्रमांक पाच: “तुमचे मालक कोण?”

“आमचं मालक व्हय? गेल्यात की सेलमला, माल घिऊन. सोमवारी येत्यात.”

मला ठसका लागला. मालक म्हणजे नवरा, हे पुण्यात दोन वर्षं काढल्यावर पोरगी विसरली होती. तिला हवा होता नियोक्ता. तो समजावून सांगता सांगता नवीच भानगड निघाली. आक्का कड्या जोडतात त्या पलीकडच्या धडी उत्पादकाच्या. तो स्वतः एका सराफाची चांदी घेऊन मजुरीवर माल करतो. त्याच आक्कांचे मालक मात्र थोडी स्वतःची चांदी लावून स्वतःचा माल करतात आणि तो विकायला तमिळनाडूत जातात. तिथं सेलम हेही पैंजणांचंच गाव. म्हणजे एकाच छपराखाली बाई मजूर, बाप्या व्यापारी, आणि दिवाळीआधी घाई झाली की बाप्याही मजूर. प्रश्नावलीत चौकट एकच होती.

तासांचा प्रश्नही असाच. “दिवसाला किती तास काम करता?” आक्कांनी प्रामाणिकपणे विचार केला. “भाजी शिजस्तोवर. मग पोरं शाळेला गेल्यावर. मग रात्री ही मालिका संपस्तोवर.” याचे तास किती होतात ते काढायला भाचीला मालिकांचं वेळापत्रक बघावं लागलं. मजुरी किलोवर. चांदी २०२५ मध्ये किलोला लाखाच्या पुढं गेली आणि थांबायचं नाव घेईना, तरी कडीची मजुरी चांदीच्या मागं पळत नाही. ती बसल्या जागी बसते, आक्कांसारखी.

त्याच दिवशी एक अपघात झाला. पोर गुणाची. चहा झाल्यावर कपबश्या उचलल्या आणि कोपऱ्यात घमेल्यात गढूळ पाणी दिसलं ते चटकन मोरीत ओतलं. आक्कांच्या हातातला चिमटा थांबला. माझ्या देखत तो पहिल्यांदा थांबला. काम करून हात धुतात ते पाणी चांदीवाल्याच्या घरात फेकत नसतात. साठवतात, निवळतात, तळाचा गाळ ठेवतात. जमीन झाडलेला केरसुद्धा टाकत नाहीत. तो केर विकत घेऊन धुऊन त्यातनं धातू काढणारे झारेकरी आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले. आक्का एवढंच म्हणाल्या, “असू दे गं, कड्यांचंच काम हाय, डाखाचं न्हवं. लई नसंल गेलं.” भाचीनं रात्री प्रश्न क्रमांक त्रेचाळीस वाढवला, गाळाबद्दल. तिच्या सगळ्या प्रबंधातला मला हाच प्रश्न सगळ्यात आवडतो, कारण तो ग्रंथालयातनं आलेला नाही.

रविवारी तिला घेऊन माणगावला गेलो. माणगाव आमच्याच तालुक्यात, मोटारसायकलनं फार तर अर्धा तास. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर, आणि शाहू महाराज स्वतः हजर. महाराजांनी तिथं जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. हे शाळेत सगळ्यांना शिकवलेलं असतं. शिकवायचं राहतं ते वेगळंच: हा अध्यक्ष तेव्हा एक पदव्युत्तर विद्यार्थी होता आणि त्याचा प्रबंध अर्धवट पडला होता. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ ला लंडन सोडावं लागलेलं. वेगळ्या बोटीनं पाठवलेलं सामान टॉर्पेडोनं समुद्रात बुडवलेलं. परिषद झाली आणि तीन-चार महिन्यांत ते परत लंडनला गेले, राहिलेलं पुरं करायला.

आणि विषय कोणता? रुपया. म्हणजे चांदी! १९२३ साली लंडनमध्ये छापून आलेला तो ‘रुपयाचा प्रश्न’ उघडला की पानोपानी चांदी. भाचीनं मला ते हुपरीच्या भाषेत समजावलं, तेव्हा मला अर्थशास्त्र पहिल्यांदा कळलं. तेव्हाचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. आमच्या हिशेबानं साडेएक्याण्णव टंचाच्या वरचा माल. १८९३ च्या जूनपर्यंत कुणीही आपली चांदी टांकसाळीत न्यावी, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. म्हणजे बाईच्या पायातले तोडे हेच तिचं बँक खातं. मग सिमल्यात एक कायदा झाला, टांकसाळी लोकांना बंद झाल्या, आणि तोडे नुसते तोडे उरले.

आमच्या आजीच्या तोड्यांत राणीछाप रुपये आटवलेत, असं घरात सांगत. त्या तोड्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. परतताना पट्टणकोडोलीच्या जवळ मोटारसायकल थांबवून भाची म्हणाली, “मामा, सिमल्यात सही झाली तेव्हा तोडे घालणाऱ्या बाईला कुणी विचारलं असेल का?” मी म्हटलं, “विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मी काय न्हाई, मी घरातच असतो.”

हे मी गमतीनं म्हटलं. पण पंधरा दिवसांनी तेच गळ्याशी आलं. भाचीनं मुलाखती जशाच्या तशा टाइप करून गाईडना पाठवल्या होत्या. उत्तर आलं, लाल अक्षरांत: महिला उत्तरदात्यांच्या जागी त्यांचे पती बोललेले दिसतात. क्रियापदं पाहावीत. मुलाखती पुन्हा घ्याव्यात.

गाईडांची चूक नाही. कोल्हापूर भागात बायका ‘मी करतो’, ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात, हे बाहेरच्या माणसाला ऐकूनही खरं वाटत नाही. कागदावर तर नाहीच. चोवीस बायकांच्या मुलाखती, सगळ्या पुल्लिंगी. पोरगी रडकुंडीला आली. पुण्याला फोन करून ती तासभर व्याकरण समजावत होती आणि मी शेजारी बसून, निवृत्त मराठीचा मास्तर, उपयोगी पडत नव्हतो.

मग तिलाच सुचलं. गृहाधारित कामगाराची व्याख्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. आपल्या घरात किंवा आपण निवडलेल्या जागी, मोबदला घेऊन, मालकासाठी वस्तू बनवणारी व्यक्ती. साहित्य मालकानं दिलेलं असो वा नसो. अगदी आक्का. फक्त इंग्रजीत ते घर ‘त्याचं’ आहे, पुल्लिंगी. मग आक्का त्यात बसतात कशा? तर १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, कलम १३: पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो. तिनं तेवढं एक कलम पत्राला जोडलं आणि खाली लिहिलं की हुपरीतल्या महिला उत्तरदात्या याच कलमाप्रमाणे बोलतात. गाईडांनी ‘मान्य’ एवढंच लिहिलं. पण शेजारी हसरा चेहरा होता म्हणे.

जीएसटीचं प्रकरण तिनं नंतर लिहिलं. ते मला एवढंच आठवतं: दागिन्यावर ३ टक्के, करून देणाऱ्याच्या मजुरीवर ५. चांदीपेक्षा हातावर जास्त. नोंदणीच्या मर्यादेखालच्या आक्कांना तो लागत नाही, हा त्यातला दिलासा. हॉलमार्कचंही एक प्रकरण आहे. ते वाचताना मला झोप लागली, हे प्रांजळपणे सांगतो.

प्रबंध बांधून आला तेव्हा काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं होती. चंदेरी मिळत नव्हती का, असं मी विचारलं, छापणाऱ्याकडं नव्हती. आम्ही दोघं तो दाखवायला समोर गेलो. आक्कांनी हात पदराला पुसले, पानं उलटली, आपलं नाव शोधलं. नावाऐवजी ‘उत्तरदाती क्रमांक १’ होतं, ते बघून जरा नाराज झाल्या. मग भाचीनं कलम तेराची गोष्ट सांगितली, की कायद्यात बाईलासुद्धा ‘तो’ म्हणतात आणि ते चालतं.

“म्हंजे सरकारला कोल्हापुरी येतंय म्हणा की,” आक्का म्हणाल्या. आणि मग, ताट पुढं ओढत, “त्यात मजुरीचं काय लिवलंय?”

भाचीनं प्रकरण पाचवं उघडलं. आक्कांनी तोवर जोडलेली साखळी काट्यावर ठेवली होती, आणि दोघी आकडा स्थिर व्हायची वाट बघत होत्या.