नानांचं नख

नानांच्या उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं आहे. सतार, तंबाखू किंवा लॉटरीचं तिकीट, यांपैकी कशाशीही त्याचा संबंध नाही. ते बंपरसाठी आहे. कुणाच्याही गाडीवर ओरखडा दिसला की नाना उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर सरकवतात, डोळे मिटतात आणि नख ओरखड्यावरून आडवं ओढतात. नख घसरून गेलं तर जखम वरच्या क्लिअर कोटपुरती. कंपाउंड घासलं की जाते. अडकलं तर रंगापर्यंत पोचली. आणि तळाशी काळं दिसलं, की नाना "प्लास्टिक उघडं पडलंय" एवढंच म्हणून उठतात आणि मालकाच्या खांद्यावर हात ठेवतात. त्या हाताला अंत्ययात्रेचा चांगला सराव असावा.

जळगावात असे नाना एकच नाहीत. गणेश कॉलनी, पिंप्राळा, मेहरूण, कुठेही जा; नोकरीतून निवृत्त झालेला, फंडाच्या पैशांतून पांढरी गाडी घेतलेला आणि ती चालवण्यापेक्षा पुसण्यात जास्त रमणारा एक गृहस्थ सापडतोच. आमचे नाना शाळेतले, गणिताचे. गाडी एमएच १९. ती इतकी कमी फिरते, की सर्व्हिसिंगचा पोरगा दरवेळी मीटर बंद पडलंय का म्हणून विचारतो.

दुरुस्ती हा नानांचा दुय्यम विषय, मुख्य विषय तपास. शिलाईची टेप लावून ते आधी ओरखड्याची जमिनीपासूनची उंची काढतात. मग रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक होत गेली ते बघतात, आणि आरोपी जाहीर करतात: स्कूटरचं फुटरेस्ट. हातगाडीचा कोपरा. केळीच्या ट्रॅक्टरची ट्रॉली. फुले मार्केटमध्ये कुणीतरी घासून गेल्याची निळी रेघ त्यांच्या मागच्या बंपरवर पोळ्यापासून आहे. वास्तविक अशी परक्या रंगाची रेघ म्हणजे बऱ्याचदा ओरखडा नसतोच. फडक्यावर थेंबभर थिनर घेऊन हलक्या हाताने पुसली की ती जाते आणि खालचा आपला रंग शाबूत निघतो. हे मला नानांनीच शिकवलं. मात्र स्वतःच्या गाडीवरची रेघ ते पुसू देत नाहीत. "पुरावा आहे तो," म्हणतात.

एकदा कॉलनीतला एक कॉलेजकुमार म्हणाला, "नाना, बंपर धडकायसाठीच असतो ना?" नाना गप्प झाले. मग म्हणाले, "दात चावायसाठी असतात. म्हणून मुरूम चावतो का भो?" त्यानंतर पोराला अर्धा तास उभं करून बंपरचा इतिहास ऐकवला. अँबॅसिडर आणि पद्मिनीचे बंपर लोखंडाचे, वर क्रोमचा मुलामा. ठोकर लागली तर समोरच्याने काळजी करायची. आता सगळं पॉलिप्रॉपिलीन, आणि त्या प्लास्टिकचा स्वभाव असा की रंग त्याला धरून राहत नाही. आधी प्लास्टिकचा वेगळा प्रायमर मारावाच लागतो. पेंटरने तो वाचवला, की पहिल्याच प्रेशरच्या धुलाईत रंगाचे पापुद्रे सुटतात. पोरगा तेव्हापासून सायकल लांबून वळवतो.

घरगुती इलाजांत नानांचा हात कुणी धरणार नाही. टूथपेस्टने केसासारख्या बारीक रेघा खरंच पुसट होतात, कारण पेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते. नानींची तक्रार एवढीच, की घरात माणसं दोन आणि पेस्ट लागते वसतिगृहाइतकी. बंपर दाबला गेला असेल तर त्यावर उकळतं पाणी ओतून आतून ढकलायचं. प्लास्टिक नरम पडतं आणि खळगा फट्‌कन बाहेर येतो. मे महिन्यात जळगावात त्यासाठी गॅस पेटवायची गरज नाही, गच्चीवरच्या टाकीचं पाणी चालेल, असं बाहेरगावचे जावई म्हणतात. नानांना हा विनोद वाटत नाही. त्यांनी ते करून पाहिलं आहे.

एवढं येत असून नानांनी बंपर पेंटरकडे कधी का टाकला नाही? पेंटर म्हणतो, "नाना, आखा बंपर मारावा लागीन." आणि त्याचं बरोबरच आहे. तेवढ्यावरच रंग मारला तर ठिगळ दिसतं. बंपर खोलायचा, वॉटरपेपरने घासायचा, आधी आठशे नंबर, मग हजार; मग प्रायमर, रंग, क्लिअर कोट, शेवटी दोन हजारचा पेपर आणि पॉलिश. पण नानांची शंका पुढची असते. गाडी खानदेशच्या उन्हात उभी. कंपनीच्या कोडप्रमाणे कालवलेला पांढरा हा नव्या गाडीचा पांढरा. नानांच्या गाडीचा पांढरा त्यापेक्षा वयस्कर. "मग बंपर तरुण दिसणार आणि गाडी म्हातारी," नाना म्हणतात. पेंटर हात जोडतो. अलीकडे नाना रस्त्याच्या टोकाला दिसले तरी तो शटर अर्धं खाली ओढतो.

विम्यातून करायचं म्हटलं तर गणिताचे शिक्षक जागे होतात. प्लास्टिकच्या भागावर पन्नास टक्के घसारा. छोट्या गाडीला वर हजार रुपयांची सक्तीची वजावट. शिवाय सलग पाच वर्षं एकही क्लेम न करता कमावलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस एका फटक्यात शून्यावर. "बंपर वाचवायला बोनस घालवू?" असं विचारून नाना ओरखड्याकडे बघतात, आणि तो त्या क्षणी त्यांना परवडणाऱ्या दरात मिळालेला वाटतो.

मुलगी धुळ्याला दिली आहे. व्याही आबा देवपूरचे. त्यांची जीप एमएच १८, आणि तिच्या अंगावर एक इंचभर जागा कोरी नाही. आबांनी पुढे लोखंडी गार्ड लावला होता. २०१७च्या डिसेंबरात केंद्राने असले गार्ड बेकायदा म्हणून राज्यांना कळवलं, हे नानांनी त्यांना साखरपुड्यात, पेढा हातात असताना सांगितलं. आबांनी गार्ड काढला नाही आणि नानांनी पेढा संपवला नाही. आबांना धुळ्याचाही भारी अभिमान. ब्रिग्ज साहेबाने १८१९ साली गावचे रस्ते सरळ रेषेत आखून दिले, म्हणून धुळ्यात गाडी घासायचं कामच नाही, असं त्यांचं म्हणणं. नाना यावर आग्रा रोडच्या संध्याकाळच्या पार्किंगचे फोटो पाठवतात.

गेल्या लग्नसराईत आबांच्या पुतण्याच्या लग्नाला नाना स्वतःच्या गाडीने निघाले, म्हणजे नव्वदेक किलोमीटरचा बेत आखला. जुना सहा नंबरचा, आता त्रेपन्न नंबरचा महामार्ग. तरसोद ते फागणे या टप्प्याच्या चौपदरीकरणाने वर्षानुवर्षं घेतली, त्या काळात खडीने नानांच्या मनावर जे चरे पाडले ते कुठल्याच कंपाउंडने गेलेले नाहीत. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, प्रत्येक ठिकाणी उतरून त्यांनी पुढचा बंपर तपासला. मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा ते लॉनवर पोचले.

मंगलाष्टकं चालू असताना नाना हळूच उठून पार्किंगमध्ये गेले आणि तिथून ओरडले. बंपरवर चांगली वीतभर लाल रेघ होती. आबा धावत आले. "काय व्हयनं, नाना?"

"लाल गाडीने घासली."

लग्नात लाल गाडी एकच होती, नवरदेवाची, झेंडूच्या माळा लावलेली. नानांनी टेप काढली. वऱ्हाडी जमले, प्रत्येक जण उकिडवा बसून बघू लागला. आत वरण-बट्टी गार होत होती. वरपक्षाचे मामा म्हणाले, उंची जुळत नाही. नाना म्हणाले, हवा कमी असेल तर जुळते. त्यावर एक जण खरंच चाकाची हवा बघायला गेला. तेवढ्यात नानी आल्या, पदराचं टोक ओलं केलं आणि रेघ पुसली. निघताना त्यांनीच गाडीची पूजा करून कुंकवाची बोटं ओढली होती.

आबांनी जेवताना याचा उल्लेख केला नाही, हे त्यांच्या खानदानीपणाला धरूनच झालं. फक्त बट्टीवर तूप वाढून घेताना नानांच्या तर्जनीतल्या पुष्कराजाकडे बघून म्हणाले, "नाना, हाई काच शे. खडा नही." हा जुना वाद. अंगठी जळगावच्या सराफ बाजारात घडवलेली. गुरू बळकट व्हावा म्हणून ज्योतिषाने घालायला लावलेली. सोन्याबद्दल जळगावकराला धुळेकराने बोलावं, हे नानांना परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत पचलं नाही.

परवा नाना पेंटरकडे स्वतः होऊन गेले. बंपरवर नव्या बारीक कमानी उठल्या होत्या, सगळ्या जुन्या ओरखड्यांच्या शेजारीच. टेप लावून झाली, कुठलंच वाहन त्या उंचीला बसेना. पेंटरने शटर वर केलं, बराच वेळ निरखलं आणि म्हणाला, "नाना, नख लावून दाखवा बरं." नानांनी उकिडवं बसून, डोळे मिटून नख ओढलं. अंगठा टेकला, तर्जनी वळली, पुष्कराज बंपरला लागला आणि पेंटरच्या डोळ्यांदेखत नवी कमान उठली.

नाना बराच वेळ कमानीकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि आबांना धुळ्याला फोन लावला.

"आबा, खडा अस्सल निघाला. क्लिअर कोट कापतो."

क्लिअर कोट काचेनेही कापतो, हे पेंटरला माहीत होतं. पण आखा बंपर रंगवायचं काम समोर उभं होतं. तो गप्प बसला.

"नाही पटत?" नाना फोनवर म्हणत होते. "मग या रविवारी जीप घेऊन या. दाखवतो."