भविष्यकाळात एक अहोरात्र

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने काही अंतर तोडलेले असले पाहिजे, ही वाचकांची रास्त अपेक्षा ध्यानी घेऊन आरंभीच नमूद करतो की, या प्रवासात माझ्या देहाने आक्रमिलेले अंतर खुर्चीपासून प्रसाधनगृहापर्यंत आणि तेथून मक्याच्या लाह्यांच्या दुकानापर्यंत एवढेच भरेल. परंतु तेवढ्याच अवधीत मी एकदा चंद्रावर जाऊन आलो, एका बुद्धिमान महासागराच्या काठी बराच काळ तिष्ठत राहिलो, आणि न्यू यॉर्क शहराची अन्नान्नदशा प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा मजकूर या सदरात दाखल करून घेण्यास हरकत नसावी. बॉस्टनलगतच्या सॉमरव्हिल गावी, डेव्हिस स्क्वेअर नामक चौकातल्या सॉमरव्हिल थिएटरात, फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीला जोडून, रविवारी दुपारी बारा वाजता विज्ञानपटांचे जे अखंड सत्र सुरू होते ते सोमवारी दुपारी बारा वाजता संपते, आणि तेथील भाविक त्याला नुसते ‘थॉन’ म्हणतात.

या प्रवासाचा सूत्रधार माझा बालमित्र. त्याला या मुलखात येऊन इतका काळ लोटला आहे की त्याचे केस, त्याचे कर्ज आणि त्याची मुले ही तिन्ही त्याला यथावकाश सोडून गेली. परंतु रात्रभर जागून काहीतरी ऐकण्यापाहण्याची जी खोड आम्हा दोघांना पुण्यात रमणबागेच्या मैदानावर, सवाई गंधर्व महोत्सवात जडली, ती मात्र शाबूत राहिली. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या त्या उत्सवाच्या बैठकी तेव्हा रात्रभर चालत आणि भैरवीला उजाडलेले असे. पुढे ध्वनिक्षेपकांवर रात्री दहाची मुदत पडली आणि पुणेकरांचे ते जागरण कायद्यानेच तहकूब झाले. “इथं कायदा आडवा येत नाही, आणि गवयांच्या जागी मंगळावरचे लोक असतात, एवढाच काय तो फरक,” असे सांगून मित्राने मजकडून होकार घेतला. किंबहुना होकार मागण्यापूर्वीच त्याने तिकिटे काढलेली होती. वहिनींनी “दोन म्हातारी माणसं चोवीस तास अंधारात बसून करणार काय?” असा सवाल टाकला खरा, परंतु उत्तराची वाट न पाहता त्यांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडीच्या वड्या आणि थर्मासभर चहा असा बंदोबस्तही करून दिला. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यासंबंधी नियम काय आहे, याची चौकशी न करणेच श्रेयस्कर, असे आम्हा उभयतांचे एकमत झाले, आणि त्या शून्याखालच्या थंडीत अंगावर असलेल्या अवजड कोटांच्या आतल्या खिशांचे प्रयोजन मला त्या दिवशी प्रथमच यथार्थपणे उमगले.

या उत्सवाचा पूर्वेतिहासही त्याच्या विषयाला शोभेलसाच आहे. १९७६ साली तो प्रथम भरला तो शेजारच्या केंब्रिजमधल्या ‘ऑर्सन वेल्स सिनेमा’त, म्हणजे ज्या गृहस्थाने १९३८ साली मंगळावरून स्वारी झाल्याची बातमी नभोवाणीवर नाट्यरूपाने देऊन श्रोत्यांची गाळण उडवली (किती जणांची उडवली याचा आकडा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी बराच फुगवला, ही गोष्ट अलाहिदा), त्याच्या नावाने चालणाऱ्या चित्रगृहात. ते चित्रगृह १९८६ साली जळाले. अंतराळातून कोणतीही अस्मानी शक्ती त्यावर चालून आलेली नव्हती. आग लागली ती मक्याच्या लाह्या फोडण्याच्या यंत्रातून. इतके असूनही आजच्या प्रेक्षकाची त्या खाद्यावरची निष्ठा यत्किंचितही ढळलेली नाही, हे पाहून मानवजात संकटातून काही शिकते या समजुतीविषयी मी फार साशंक झालो.

सॉमरव्हिल थिएटर १९१४ सालचे आहे. सुमारे ९०० खुर्च्या, वर सज्जा, आणि जुन्या नाट्यगृहांना असते तसले काहीसे सरंजामी छत. याच्या तळघरात पुष्कळ वर्षे ‘म्युझियम ऑफ बॅड आर्ट’ म्हणजे केवळ वाईट चित्रांचे जतन करणारे संग्रहालय नांदत होते; वाईटावर इतके मनापासून प्रेम करणारी वास्तू या सोहळ्याला लाभली हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. आत पाऊल टाकले तो दृष्टीस पडले ते एखाद्या लष्करी छावणीचे दृश्य: उशा, दुलया, पथाऱ्या, पायांत लोकरी सपाता, आणि ठिकठिकाणी मस्तकांवर चांदीच्या वर्खासारख्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या टोप्या, कारण त्या टोप्यांचीही स्पर्धा असते. आम्ही ज्या दोन खुर्च्यांवर बसू लागलो त्या एका वृद्ध जोडप्याच्या वहिवाटीच्या निघाल्या. त्यांनी कोणताही दस्तऐवज दाखवला नाही. ते केवळ आमच्याकडे पाहत उभे राहिले, आणि त्या नजरेत वतनदारीचा असा काही हक्क होता की आम्ही विनातक्रार मागच्या रांगेत रुजू झालो.

सत्राचा आरंभ शिरस्त्याप्रमाणे १९५३ सालच्या एका सातेक मिनिटांच्या व्यंगपटाने होतो. त्यात डक डॉजर्स नावाचे बदक पृथ्वीच्या वतीने आणि एक शिरस्त्राणधारी प्राणी मंगळाच्या वतीने एकाच ग्रहावर मालकी सांगतात, कारण त्या ग्रहावर दाढीच्या साबणाला लागणारे एक दुर्मीळ द्रव्य सापडते. आणि अखेरीस ग्रहाच्या ठिकऱ्या होऊन जो चतकोर उरतो त्यावर बदक आपला हक्क जाहीर करते. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे याहून संक्षिप्त आणि समर्पक विवेचन माझ्या वाचनात नाही. येथील प्रेक्षक ते पाठ म्हणतात. म्हणजे खरोखरच म्हणतात; पडद्यावरच्या पात्राने तोंड उघडण्यापूर्वी त्याचे वाक्य सभागृहातून येते, त्यामुळे पात्र आपले ऐकून बोलत आहे असा भास होतो.

दुपारच्या मुख्य चित्रपटाने मी पुरता जिंकला गेलो. फ्रिट्झ लांगने १९२९ साली काढलेल्या ‘वूमन इन द मून’ या जर्मन मूकपटाला साथ म्हणून एक वादक पडद्याखाली बसून अडीच तासांहून अधिक काळ, पाणीसुद्धा न पिता, वाजवत होता, आणि भारतीय मैफलीतल्या कोणत्याही साथीदाराने त्याच्या बैठकीला दाद दिली असती. या चित्रपटासाठी हेर्मान ओबेर्थ या अग्निबाणशास्त्रज्ञाचा सल्ला घेतलेला होता. उद्घाटनाच्या वेळी खराखुरा अग्निबाण सोडण्याचीही त्याची तजवीज होती, ती काही तडीस गेली नाही. परंतु टप्प्याटप्प्याने गळून पडणारे यान, आडवे निजून सोसायचा वेगाचा दाब, वजन नाहीसे झाल्यावर पाय अडकवायचे पट्टे, आणि उड्डाणापूर्वी उलटी आकडेमोड करून शून्यापर्यंत येण्याची ती प्रसिद्ध युक्ती, हे सर्व लांगने पडद्यावर मांडले तेव्हा प्रत्यक्ष चंद्रारोहणाला चाळीस वर्षे अवकाश होता. ती आकडेमोड सुरू झाली तेव्हा सारे सभागृह एकमुखाने मोजू लागले, आणि माझा मित्र, ज्याला आयुष्यात कधी घरखर्चाचा हिशेब धड लावता आला नाही, तोही एक आकडा न चुकता मोजत होता. इथवर शास्त्र. यानंतर एक प्राध्यापक चंद्रावर उतरतो, काडी ओढून पाहतो, ती पेटते, म्हणून हवा श्वसनाला योग्य आहे असा निष्कर्ष काढून शिरस्त्राण उतरवतो, आणि आपल्याकडचे पाणाडी जशी विहिरीची जागा दाखवतात तशी बेचक्याची काठी हातात धरून सोने शोधत निघतो. उड्डाणाचे सर्व गणित अचूक बसवणाऱ्या मंडळींना मुक्कामी पोचल्यावर सोन्याखेरीज काही सुचू नये, हा भाग मला अधिक वास्तववादी वाटला.

सायंकाळी ‘रोबॉट मॉन्स्टर’ लागला. १९५३ सालच्या या कृतीत समस्त मानवजातीचा संहार करणारा जो परग्रहवासी येतो, तो म्हणजे गोरिलाच्या कातड्याचा पोशाख घातलेला, आणि डोक्यावर पाणबुड्याच्या टोपासारखे शिरस्त्राण चढवलेला एक धिप्पाड इसम होय. तो एका गुहेच्या तोंडाशी राहतो आणि त्याच्या दळणवळणयंत्रातून साबणाचे बुडबुडे निघतात. बुडबुड्यांच्या यंत्राचा उल्लेख श्रेयनामावलीत स्वतंत्रपणे केला आहे, आणि तो वाजवीच आहे, कारण संपूर्ण चित्रपटात आपले काम चोख बजावणारे तेवढे एकच पात्र आहे. याला संगीत दिले आहे एल्मर बर्नस्टाईन यांनी, ज्यांना तीनच वर्षांनी ‘द टेन कमांडमेंट्स’सारख्या भव्य चित्रपटाचे संगीत करायचे होते, समुद्र दुभंगण्यापूर्वी बुडबुड्यांवर हात बसवून घेणे त्यांना उपयोगीच पडले असेल. प्रेक्षकांच्या आनंदाला तेव्हा पारावार राहिला नाही. मी पाहिले की ज्या भविष्यवेत्त्यांचे भाकीत बरेचसे खरे ठरले त्यांना या सभागृहात आदर मिळतो, आणि ज्यांचे साफ फसले त्यांना प्रेम मिळते.

मध्यंतरी परग्रहवासीयांच्या प्रणयकूजनाची स्पर्धा झाली. इच्छुकांनी रंगमंचावर जाऊन, अन्य ग्रहावरील नर वा मादी आपल्या जोडीदाराला कशी साद घालत असेल त्याचा आवाज काढायचा. एका सभ्य, चष्मेवाल्या, बहुधा कुठल्याशा कचेरीत हिशेबनीस असावा अशा गृहस्थाने असा काही आर्त स्वर लावला की माझ्या मित्राने सवयीने “वाहवा!” म्हटले आणि वर मान डोलावली. पुढच्या रांगेतल्या वतनदार आजीबाईंनी यावर मागे वळून आम्ही कुठले, अशी पृच्छा केली आणि तुमच्या भाषेत असले काही लिहितात काय, असेही विचारले. मी त्यांना जयंत नारळीकरांची हकीकत सांगितली: जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ, पण १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना, परीक्षकांनी नावाला भुलू नये म्हणून आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप असे नाव घेतले, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली, आणि पहिले बक्षीस पटकावले. आजीबाई पत्र्याची टोपी सावरत म्हणाल्या की, परग्रहवासी माणसाच्या रूपात वावरतात याचा एवढा सबळ पुरावा त्यांना आजवर मिळाला नव्हता.

मध्यरात्रीनंतर तारकोव्हस्कीचा ‘सोलारिस’ आला. हा १९७२ सालचा रशियन चित्रपट थोर आहे, याविषयी माझ्या मनात लवमात्र शंका नाही. परंतु थोर कृतींनी रात्री एकच्या सुमारास भेटीस येऊ नये. त्यात एक मोटार तोक्योच्या रस्त्यांवरून, बोगद्यांतून, पुलांवरून चालली आहे असा एक दीर्घ प्रसंग आहे. मी ती मोटार एका बोगद्यात शिरताना पाहिली, मला गाढ झोप लागली, स्वप्नात मी पुण्याला जाऊन कुणाशी तरी भांडून आलो, आणि डोळे उघडले तो मोटार चाललेलीच होती.

त्यानंतर, म्हणजे पहाटेच्या ज्या प्रहरी पापण्या हे शरीराचे सर्वांत जड अवयव होतात त्या प्रहरी, आयोजकांनी १९५६ सालचा ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ लावला. या निवडीमागची क्रूर विनोदबुद्धी वाचकांच्या लक्षात येण्यासाठी कथानक सांगणे प्राप्त आहे. अंतराळातून काही बीजे येतात, त्यांतून मोठाल्या शेंगा धरतात, आणि माणूस झोपला की त्या शेंगेतून हुबेहूब त्याच्यासारखा, परंतु भावनाशून्य, दुसरा इसम सिद्ध होऊन त्याची जागा घेतो. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात परकायाप्रवेश केला तो निदान ज्ञानार्जनासाठी. येथे तसला उदात्त हेतू दिसत नाही. तात्पर्य एकच, की झोपू नका. नायक तेच ओरडत होता, जागे असलेले प्रेक्षक तेच ओरडत होते, आणि माझ्या शेजारी माझा मित्र दुलईत शिरून मंद्र सप्तकात घोरत होता. पडद्याच्या उजेडात त्याचा निर्विकार चेहरा पाहता पाहता माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागले. मी त्याला हलवले. त्याने एक डोळा उघडला आणि खोल आवाजात विचारले, “अरे, गुळपापडी संपवलीस की काय?” माझा जीव भांड्यात पडला; मित्र मूळचाच होता.

सकाळी, तोंडे न धुतलेल्या त्या समुदायाला न्याहारीच्या वेळी दाखवला ‘सॉयलेंट ग्रीन’. १९७३ साली काढलेल्या या चित्रपटाचा काळ आहे २०२२ साल. चार कोटी वस्तीच्या न्यू यॉर्कमध्ये अन्न उरलेले नाही, स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याच्या एका बरणीला दीडशे डॉलर पडतात, आणि जनतेला ज्या हिरव्या वड्यांचा शिधा मिळतो त्या कशाच्या बनवतात हे रहस्य अखेरीस उघडकीस येते. ते मी येथे फोडणार नाही. एवढेच सांगतो की ते कळले तेव्हा माझ्या हातात दशमी होती आणि मी ती परत डब्यात ठेवली. २०२२ साल मी स्वतः पाहिले आहे. त्या साली मी पुण्यात होतो आणि महागाईविषयी तक्रार करत होतो, तरी मुरंबा परवडत होता. ज्याची मुदत टळून गेली आहे असा भविष्यकाळ पाहताना मनाची जी अवस्था होते ती विलक्षण असते: संकट आले नाही म्हणून हायसे वाटावे, तर पुढच्या रांगेतले वतनदार आजोबा निःश्वास टाकून म्हणतात, “तारीख चुकली असेल.”

दुपारी बाराला दिवे लागले, टाळ्या झाल्या, पथाऱ्या गुंडाळल्या गेल्या, आणि हिमाच्या ढिगांवरून परावर्तित होणाऱ्या उन्हात आम्ही डोळे मिचकावत घरी पोचलो. वहिनींनी जेवायला वाढता वाढता काय काय पाहिले याची कैफियत मागितली, आणि येथे मामला चिघळला. मित्राच्या जबानीप्रमाणे ‘सोलारिस’मधला तो बुद्धिमान महासागर मनुष्याच्या मनातली माणसे जिवंत करून पाठवत होता. मी शपथेवर सांगायला तयार होतो की त्या चित्रपटात एक मोटार आहे आणि ती तोक्योत जाते. मी शेंगांचे वर्णन केले तर असला चित्रपट लागलाच नव्हता, असे तो ठासून म्हणाला. दोन्ही साक्षीदारांची उलटतपासणी पुरी झाल्यावर वहिनींनी आमटीचे भांडे खाली ठेवले आणि निकाल दिला: “भाऊजी, मग दोघांत मिळून एकच तिकीट काढलं असतं तरी भागलं असतं की!”