संस्थापक-अध्यक्ष

न्यू जर्सीतल्या कुठल्याही उपनगरातल्या सरकारी हायस्कुलात हा हमखास सापडतो. वय सोळा, इयत्ता अकरावी, हुद्दा संस्थापक-अध्यक्ष. संस्था म्हणजे शाळेतला एक क्लब. त्याचं ध्येय ‘युवकांत आर्थिक साक्षरता रुजवणे’ असं काहीतरी भारदस्त असतं आणि स्वतःच्या डेबिट कार्डाचा पिन अध्यक्षमहाराज आईला विचारतात. उपाध्यक्ष त्याचा जिवलग मित्र. मित्राचाही एक क्लब आहे, तिथे हा उपाध्यक्ष. आपल्याकडे साखर कारखाना आणि पतसंस्था यांचं जसं गोत जुळतं, तसाच हा मामला. एरवी सभेला तिघं-चौघं असतात. इयरबुकच्या फोटोच्या दिवशी मात्र पिझ्झा मागवतात आणि सभासद खोलीत मावत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? ‘कॉमन अ‍ॅप’ नावाच्या ऑनलाइन अर्जासाठी. हजाराहून अधिक कॉलेजांना तो एकच अर्ज चालतो. त्यात अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी १० जागा, आणि प्रत्येकाचं वर्णन १५० अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा धरून. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हेही लिहायचं. नववीपासून हा गडी त्या दहा रकान्यांसाठी जगतो आहे. मराठी मंडळाच्या गणपतीत खुर्च्या मांडून झाल्या, की आरती सुरू व्हायच्या आत स्वयंसेवेचा फॉर्म आणि पेन पुढे करतो. “काका, इथे सही. आणि तीन तास लिहा ना, प्लीज.” काकांनी घड्याळाकडे पाहिलं, की तो मोदकांकडे पाहतो.

अभ्यासात तो हुशार आहे, यात वाद नाही. त्याच्या वेळापत्रकात एपीचे, म्हणजे कॉलेजच्या तोडीचे विषय ठासून भरलेले. मे महिन्यात त्यांच्या परीक्षा आणि १ ते ५ मध्ये गुण. साध्या विषयात ‘ए’ मिळाला तर सरासरीत ४ धरतात, एपीच्या ‘ए’ला बऱ्याच शाळा ५ देतात. त्यामुळे चारपैकी साडेचार मिळवूनही पोरगा काळजीत असतो, आणि कॅल्क्युलस शिकलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही.

खरी लढाई दशांश चिन्हाच्या उजवीकडे चालते. ८९.४ म्हणजे ‘बी’, ८९.५ झाले की सर ९० धरतात. तास संपल्यावर तो सरांच्या टेबलापाशी रेंगाळतो. “मार्कांसाठी नाही हं सर, मला कन्सेप्ट समजून घ्यायचीय.” कन्सेप्ट दोन मिनिटांत समजते. मग पुढची दहा मिनिटं रुब्रिकमधल्या, म्हणजे गुण देण्याच्या निकषांमधल्या, तिसऱ्या मुद्द्याचा अर्थ लावण्यात जातात. पुढे कायद्याला जाईल, असं सरांना मनापासून वाटतं.

आई-बाबांनी या गावात घर घेतलं ते शाळेचं रेटिंग बघून. स्वयंपाकघर नंतर पाहिलं. शाळा फुकट, पण घरावरचा कर असा की त्यात खासगी शाळेची फी निघावी. त्या करातूनच शाळा चालते, म्हणून बाबा तिच्या पोर्टलवर हक्काने नजर ठेवून असतात. ऑफिसची मीटिंग ऐन रंगात आलेली असताना त्यांचा फोन थरथरतो: फिजिक्स क्विझ, १० पैकी ७. संध्याकाळच्या जेवणाला वरण-भात असतो, पण तोंडी लावायला फिजिक्स.

असा हा हिशेबी प्राणी. पण त्याच्या हिशेबात एक मोठी गळती आहे, आणि ती म्हणजे मार्चिंग बँड. नववीत रकाना भरायला म्हणून शिरला. क्लॅरिनेटला झुंबड, तेव्हा वाट्याला आला सूझाफोन: अंगाभोवती वेटोळं घालणारं, डोक्यावर भलंमोठं तोंड वासलेलं पितळी धूड. ऑगस्टच्या उन्हात, शाळा उघडायच्या आधी, तो हे धूड घेऊन मैदानावर मागे-पुढे चालतो. शुक्रवारी रात्री फुटबॉलची मॅच असली, की मध्यंतरात गणवेश घालून वाजवतो. फुटबॉलचे नियम त्याला अजून माहीत नाहीत. आपल्या शाळेने पॉइंट केले हे तो ढोलवाल्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो.

गंमत अशी, की बँड हा साधा विषय. त्यातला ‘ए’ चारचाच, म्हणजे साडेचारची सरासरी खालीच ओढणार. समुपदेशक बाईंनी आडून सुचवलं, बाबांनी एक्सेलमध्ये मांडून दाखवलं: बँड सोड, त्या जागी आणखी एक एपी घे. रुब्रिकचा कीस काढणाऱ्या या वकिलाकडे एकही मुद्दा नव्हता. “नाही सोडणार,” एवढंच म्हणाला, आणि अकरावीतही सूझाफोन कायम राहिला.

तेव्हा सुट्टीत असा कोणी भाचा-पुतण्या भारतात आला, तर कुठल्या कॉलेजला अर्ज करणार, हे विचारू नका. ते त्याला शेजारपाजाऱ्यांपासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं आहे. बँडबद्दल विचारा. तासभर बोलेल, आणि तो तास कुठल्याही फॉर्मवर लिहून मागणार नाही.