गुरू हलला

आमच्या सोसायटीत मला आकाशातलं कळतं असा समज आहे. तो मीच पसरवलाय. प्रत्यक्षात मला शुक्र ओळखता येतो, कारण तो इतका चमकतो की चुकायला वावच राहत नाही. सप्तर्षी दिसले तर सातपैकी पाच सापडतात. उरलेलं आकाश मी आवाजाच्या जोरावर निभावून नेतो.

तर कोजागरीला गच्चीवर मुलांना ग्रह-तारे दाखवायचं ठरलं. पौर्णिमेच्या रात्री चंद्राच्या उजेडात तारे धड दिसत नाहीत, हे ज्याला आकाशातलं खरोखर कळतं त्याला आधी सुचलं असतं. मला सुचलं ते हे की हातात हिरवा लेझर हवा. आकाशदर्शनाला जाणारे तो वापरतात. हिरव्या रंगाला आपला डोळा फार संवेदनशील असल्याने हवेतल्या धुळीवर उजळणारी रेघ थेट ताऱ्यापर्यंत गेल्यासारखी दिसते. मी लॅमिंग्टन रोड गाठला. ‘साब, पाच किलोमीटर जायेगा,’ दुकानदार म्हणाला. घाटकोपरमधून पाच किलोमीटरवर मला नेमकं कुणाला काय दाखवायचंय, हा प्रश्न मला तिथे पडला नाही. साडेतीनशे रुपये मोजून आलो.

पहिली चाचणी स्वयंपाकघरात घेतली. भिंतीवर ठिपका, फ्रीजवर ठिपका, मग मांडणीवरच्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यावर ठिपका. तिथून तो परत आला. चकचकीत स्टील हा गोल आरसाच असतो, हे शाळेत शिकलो होतो आणि शाळेतच ठेवून आलो होतो. पुढचा अर्धा तास मी जिकडे पाहीन तिकडे जांभळट डाग. बायको गॅसच्या नोंदणीबद्दल काही सांगत होती आणि डाग बरोबर तिच्या नाकावर बसला होता. मी हसलो. त्या हसण्याची किंमत लेझरपेक्षा जास्त पडली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहिलं. वाचलो होतो. ‘लहानपणी भिंगाने कागद जाळलाय का?’ त्यांनी विचारलं. मी अभिमानाने हो म्हणालो. ‘तुमच्या डोळ्यात तेच भिंग आहे आणि मागचा पडदा म्हणजे तो कागद. फरक इतकाच, की पडदा जळताना दुखत नाही.’ झगझगीत उजेड आला की पापणी साधारण पाव सेकंदात मिटते. एक मिलिवॉटपर्यंतच्या लेझरला तेवढी पुरते. त्याच्या पुढे पापणी येईपर्यंत काम झालेलं असू शकतं. ‘तुमचा किती मिलिवॉटचा?’ मी लेबल वाचलं: पाचपेक्षा कमी. ‘लेबल काय,’ ते म्हणाले, ‘चिकटवायचं असतं.’

ते खरं निघालं, पण मला कळलं फार उशिरा. भाच्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो पॉवर मीटरपुढे धरला, तेव्हा आकडा आला ३८. शिवाय त्याने सांगितलं की हिरवा लेझर मुळात हिरवा नसतोच. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश सोडतो, एक स्फटिक त्याचा १०६४चा करतो, दुसरा स्फटिक त्याचा निम्म्या लांबीचा, म्हणजे ५३२चा हिरवा. उरलेला अवरक्त अडवायला पुढे गाळणी लागते आणि स्वस्तातल्या मालात नेमकी तीच वाचवलेली असते. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. मी मेहुण्यासाठी सिडनीला पाठवायला असाच एक आणून ठेवला होता. ऑस्ट्रेलियात एक मिलिवॉटच्या वरचा पॉइंटर परवानगीशिवाय आणता येत नाही आणि सिडनीच्या राज्यात तर तो बंदी असलेल्या हत्यारांत मोडतो, हे कळल्यावर मेहुण्याला चकल्या पाठवल्या.

पण हे नंतरचं. कोजागरीच्या रात्री मला फक्त लेबल ठाऊक होतं. पातेल्यात दूध आटत होतं, चंद्र दुधासारखा सांडला होता, तारे बेपत्ता होते. पंचवीस मुलं माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात पूर्वेला, खाडीच्या बाजूला, एक ठळक, शांत, न लुकलुकणारा बिंदू दिसला. मोबाईलवरचं अ‍ॅप म्हणत होतं, गुरू पूर्वेलाच उगवतोय. ‘तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत,’ मी सांगितलं आणि हिरवी रेघ त्यावर नेऊन टेकवली. ‘हा गुरू! सगळ्यांत मोठा ग्रह!’

‘काका, तो मोठा होतोय,’ एक मुलगी म्हणाली.

‘जवळ येतोय म्हणून,’ मी म्हणालो. हे वाक्य मी पुढे अनेक रात्री स्वतःशी पुन्हा म्हटलं आहे.

मग गुरूला एका बाजूला लाल आणि एका बाजूला हिरवा दिवा फुटला, पोटाखाली चाकं आली आणि तो आमच्या डोक्यावरून गडगडत सांताक्रूझकडे उतरला. समोरून येणारं विमान बराच वेळ जागेवरच दिसतं. घाटकोपरमध्ये तीस वर्षं राहून हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी ते नेहमी फक्त ऐकलं होतं.

चौथ्या मजल्यावरचे काका विमानतळावरून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्या हातून पॉइंटर काढून घेतला, दुधाचा पेला मात्र राहू दिला. ‘इथे ठिपका असतो, एक किलोमीटरवर त्याचा मीटरभर भोपळा होतो, दहावर दहा मीटर. विंडशील्डवर पडला की सगळी काच हिरवी. अंधाराला सरावलेले डोळे, उतरायची शेवटची मिनिटं, आणि तू त्यांना गुरू दाखवतोस?’ विमानतळाच्या परिसरात लेझर मारायला मुंबई पोलिसांची मनाई असते, आदेश वेळोवेळी निघतात; पूर्वी कलम १४४ खाली, आता न्याय संहितेच्या भावासारख्या त्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली. मोडला तर न्याय संहितेचं २२३. काकांना कलमं तोंडपाठ होती. मला घाम.

खाली येऊन मी काकांनी परत दिलेला पॉइंटर तांदळाच्या डब्यात पुरला. सव्वाअकराला इंटरकॉम वाजला. ‘साहेब, पोलीस आलेत. कमिटीवाल्यांना बोलावतायत.’ मी कमिटीत होतो. जिना उतरताना मी जन्मभराचं खगोलशास्त्र विसरलो.

फाटकात हवालदार उभे होते. मागे काका, त्यांच्या मागे बायको. ‘कोणाचा आहे तो?’ हवालदारांनी विचारलं.

‘माझाच, साहेब,’ मी म्हणालो. ‘पण पाच मिलिवॉटचाच आहे. लेबल आहे त्यावर.’

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग गच्चीकडे. तिथे अजून कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी दणाणत होती. दहानंतर स्पीकर बंद ठेवायचा असतो, एवढंच सांगायला ते आले होते.

‘पाच मिलिवॉटचा स्पीकर?’ त्यांनी काकांना विचारलं. ‘यांच्या दुधात काय घातलं होतं?’