येणे बाकी

वाटण्यांच्या वेळी आमच्या घरात शेतावर, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवर, पुढच्या ओट्यावर आणि एका पितळी घंगाळावर पुष्कळ बोलणं झालं. सगळ्यांत जास्त घंगाळावर. एका वस्तूवर मात्र कुणी हक्क सांगितला नाही, म्हणून ती माझ्या वाट्याला आली: नानांची तिकिटांची वही.

वहीच. तिला अल्बम म्हणता येणार नाही. नाना, म्हणजे माझे आजोबा, खानदेशातल्या चोपड्यात कापसाचे अडते होते. दुकानात लाल कापडी बांधणीचे रोजमेळ पडलेले असताना पैसे मोजून कोरी पानं विकत आणणं त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. त्यांनी एक अर्धा वापरलेला रोजमेळ घेतला. डाव्या पानावर, जमेच्या बाजूला, तिकिटं चिकटवली. उजव्या पानावर मिळायची राहिलेल्या तिकिटांची यादी केली आणि प्रत्येकापुढे दुकानी वळणाच्या अक्षरात लिहिलं, ‘येणे’. आपला संग्रह अपुरा आहे असं त्यांनी कधी मानलंच नाही. काही माल वसूल व्हायचा होता, इतकंच.

तिकीट अल्बमात लावायला हिंज नावाची पातळ कागदी पट्टी असते, म्हणजे ते पुढेमागे सुटंही करता येतं. नानांना हे ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून खर्चिक वाटलं. उन्हाळ्यात आजीने कुरडयांचा चीक शिजवला की ते त्यातला वाटीभर मागून घेत आणि वर्षभराची तिकिटं एकदम चिकटवून टाकत. त्यामुळे स्वतंत्र भारताचा सारा टपाल-इतिहास आमच्याकडे कुरडयांच्या चिकावर उभा आहे. एक तिकीट मी कोमट पाण्यात भिजवून सोडवलं, तेव्हा खालून ‘सरकी ४ पोती’ निघाली. त्यानंतर दुसरं सोडवलं नाही. सरकीचं पुढे काय झालं या काळजीने झोप लागत नाही.

घरात वहीबद्दल आस्था नसली तरी दंतकथा होती. तिच्यात एक ‘लाखाचं तिकीट’ आहे, असं प्रत्येक पिढीला सांगितलं गेलं. कोणतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. २०१७ साली पेपरात बातमी आली, की गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटांची चार जोडलेल्या नगांची पट्टी लंडनच्या स्टॅनली गिबन्सने पाच लाख पौंडांना विकली. त्या दिवशी वहीच्या बाबतीत कायम मौन पाळणाऱ्या मेहुण्यांचा सकाळीच फोन आला. शेजारच्या काकांनी तर ओट्यावर बसून सरळच विचारलं, “भाऊ, याना कितला येतीन?”

मी वही उघडली. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेला गांधीजींचा तो संच चार तिकिटांचा: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. नानांच्या जमेच्या बाजूला पहिली तीन होती. दहा रुपयांपुढे लिहिलं होतं, ‘येणे’.

यात नानांचा दोष नाही. दहा रुपयांत दीड आण्याची शंभरावर तिकिटं येत, आणि तेवढ्यात अडतीचा बराच काळ पत्रव्यवहार चालला असता. शिवाय विक्रमी भावाची ती पट्टी वेगळीच. तिच्यावर ‘सर्व्हिस’ असा छाप आहे आणि गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी तशी जेमतेम शंभर तिकिटं काढली होती. ती चोपड्याच्या अडत दुकानात येण्याचं कारण नव्हतं. तरी नानांनी तिघांशेजारी जागा सोडून ठेवली होती, चांगली ऐसपैस. आमच्या घराण्याचं लाखाचं तिकीट आहे ते इथे. त्याची जागा आहे, ते स्वतः नाही.

त्याच पानावर नानांची एक शेरेवजा नोंद आहे: ‘छपाई परदेशी’. खरं आहे. स्वदेशीचा आग्रह धरता धरता गेलेल्या माणसाचं तिकीट स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात छापलं गेलं. नानांना हे खटकलं असणार, कारण त्यांना नाशिकचा फार अभिमान. १९२५ साली नाशिकला सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि थोड्याच काळात देशाची तिकिटं तिथे छापली जाऊ लागली. २१ नोव्हेंबर १९४७ चं स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, साडेतीन आण्यांचं, तिरंगा आणि ‘जय हिंद’वालं, तेही तिथलंच. त्याच्याभोवती नानांनी लाल पेन्सिलीने चौकट आखली आहे. असा मान वहीत दुसऱ्या कुणाला नाही, आजीच्या माहेरहून आलेल्या तिकिटांनाही नाही.

मुंबईतल्या एका जाणकारांना मी वही दाखवायला नेली. त्यांनी चिमटा काढला, भिंग काढलं, एका तिकिटाची कड उचलून पाहिली आणि दोन्ही हत्यारं हलक्या हाताने पेटीत परत ठेवली. “हिला भावनिक किंमत आहे,” ते म्हणाले. आमच्याकडे कपाशीचा नमुना हातात चोळून व्यापारी गप्प बसतो, तसंच हे. पुढे भाव विचारायचा नसतो.

त्यातल्या त्यात त्यांनी सर्वांत लवकर उलटली ती आमच्या दृष्टीने सर्वांत देखणी पानं. अजमान, शारजा, फुजैरा, उम्म अल कैवैन. वाघ, फुलपाखरं, अंतराळवीर, युरोपातल्या चित्रकारांच्या बायका, सगळं झगझगीत रंगांत. १९६०च्या दशकात आणि पुढची दोनचार वर्षं या चिमुकल्या अमिरातींनी जगभरच्या पोरांसाठी तिकिटांचे ढीग छापून घेतले. पुष्कळांवर शिक्काही कारखान्यातच मारलेला असे; पाकिटावर बसून प्रवास करण्याची तसदी त्यांनी घेतलीच नाही. जत्रेत, पुस्तकांच्या दुकानात ‘शंभर देशी-विदेशी तिकिटे’ अशी पाकिटं मिळायची, त्यांतून ती माझ्या वडिलांनी नानांच्या वहीत घुसवली. बाजारात त्यांना आजही किंमत नाही. पण आमच्या गल्लीतला पहिला माणूस नोकरीला आखातात गेला, त्याच्या कितीतरी आधी आमच्या घरातल्या पोरांना अजमान तोंडपाठ होतं. फक्त तिथे वाघ असतात अशी आमची समजूत होती.

नानांची स्वतःची पानं साधी आहेत. १९५५ची पंचवार्षिक योजनेची मालिका: ट्रॅक्टर, विहिरीवर चालणारे बैल, चरखा, हातमाग. त्यापुढे १ एप्रिल १९५७ पासूनचे नवे पैसे. मग १९७१चं एक पान आहे, ते मला सगळ्यांत आवडतं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरपासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं, ते १९७३च्या मार्चअखेरपर्यंत. सरकारकडे नवं तिकीट काढायला वेळ नव्हता, म्हणून चालू असलेल्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘रिफ्यूजी रिलीफ’ असा छाप उठवला, आणि ते पाच पैशांचं तिकीट होतं कुटुंबनियोजनाचं. सात अपत्यांचे वडील असलेल्या नानांनी त्याचं एक पान भरून काढलं आहे. खाली दुकानाच्या हिशेबातली जोड: ‘निर्वासित, दर पत्री ५ पैसे, नावे टाकणे’. कोणाच्या नावे, ते लिहिलेलं नाही. व्यापाऱ्यांच्या नावे टाकले असावेत.

या वहीत आपण भर काय घालायची, हा प्रश्न मला बराच काळ सुटत नव्हता. जमेची बाजू तर नानांची. तिच्यात आपण पैसे टाकून आणलेली गुळगुळीत तिकिटं लावणं म्हणजे जुन्या पैठणीला नायलॉनचा काठ लावणं. शेवटी उजवं पान हाती घेतलं. वारसाहक्काने उधारी आली असेल तर ती वसूल करणं तरी आपल्या हातात आहे.

पहिलीच ओळ होती, ‘बडवानी, १ नग, येणे’. बडवानी म्हणजे सातपुड्यापलीकडचं नर्मदाकाठचं संस्थान. त्याची हद्द पानसेमलपर्यंत, म्हणजे खानदेशाच्या अगदी उंबऱ्यापर्यंत आलेली. या संस्थानाची १९२१ पासून १९४८ पर्यंत स्वतःची तिकिटं होती, गादीवरच्या राणांचं चित्र आणि छपाई ओबडधोबड. तिकडच्या व्यापाऱ्यांची नानांना पत्रं येत. मग तिकीट येणे का? कारण अशा संस्थानांची तिकिटं हद्दीच्या आतच चालत. बाहेर पत्र पाठवायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागे. पत्र सातपुडा ओलांडून आलं, कापूस आला, लग्नाची बोलणी आली, पण संस्थानच्या राणांना सीमेवरून परत जावं लागलं. समुद्रापलीकडचं अजमान घरात शिरलं आणि शेजारचं बडवानी शिरलं नाही! ते मला मुंबईत फोर्टातल्या एका विक्रेत्याकडे मिळालं, आणि नानांच्या ओळीपुढे मी ‘जमा’ लिहिलं. आमच्या पेढीची ती बऱ्याच वर्षांतली पहिली वसुली.

एकदा उधारी वसूल करायची चटक लागली की माणूस स्वतःची नवी उधारी मांडतो. माझ्या पानावर पहिलं नाव गेलं टोंगाचं. पॅसिफिक महासागरातल्या या राज्याने १९६९ साली केळ्याच्या आकाराचं तिकीट काढलं. केळ्याचं चित्र नव्हे, तिकीटच केळ्याच्या आकाराचं कापलेलं. सालीसारखा मागचा कागद सोलायचा आणि पाकिटाला डकवायचं. भारताने १९६७ साली पन्नास पैशांवर आंबे छापले. ते कोकणवाल्यांना लखलाभ. पण रावेर, यावल, चोपड्याचा केळीचा पट्टा ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाच्या वहीत टोंगाचं केळं नसणं बरं दिसत नव्हतं. ते आलं तेव्हा मी आमच्या एका बागायतदार मित्राला कौतुकाने दाखवलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं. “माल बरा शे,” तो म्हणाला, “पन भाव काय?”

खानदेशाची बाजू मी आता अशीच मांडत चाललो आहे. हयात असताना तिकिटावर येण्याचा मान मिळालेले पहिले भारतीय महर्षी धोंडो केशव कर्वे, १९५८ साली, शंभरीच्या दिवशी. त्यानंतर दोन वर्षांनी तसाच मान मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना, तेही शंभरीत पोचताना. ते म्हैसूरचे म्हणून आपण त्यांना सोडून देतो. पण नोकरीच्या सुरुवातीला हे गृहस्थ मुंबई इलाख्याचे इंजिनिअर म्हणून खानदेशात होते, आणि पांझरेवर पाण्याचा वक्रनलिकेचा मार्ग बांधताना धुळ्याकडच्या पुराने त्यांना चांगलंच शिकवलं. विश्वेश्वरय्या माझ्याकडे खानदेशाच्या पानावर आहेत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजीही त्यांच्या शेजारी आहेत. त्यांचं तिकीट २००१चं. चंदनाच्या वासाचं २००६चं तिकीट मात्र मी वेगळ्या डबीत ठेवलं आहे. वहीत ठेवलं असतं तर आठवड्यात त्याला सरकीचा वास आला असता.

आणि तरीही सगळ्यांत कठीण येणं नानांनी लिहून ठेवलेलंच नाही, कारण ते त्यांच्या हातात रोज येत होतं आणि ते कात्रीने कापून फेकत होते: शिक्का. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० नंतर पूर्व खानदेशाचा जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे. मधल्या पन्नास-चोपन्न वर्षांत इथल्या पत्रांवर जे गोल शिक्के उमटले, त्यांतल्या अनेकांवर इंग्रजी अक्षरांत ‘ई. खानदेश’ आहे. ज्या जिल्ह्याचं नाव नकाशावरून गेलं, ते पाकिटांवर शिल्लक आहे. नानांनी तिकीट तेवढं कापलं आणि त्याबरोबर शिक्क्याची एक फाक आली. कुठे ‘खान’, कुठे ‘देश’. मी त्या फाका जुळवत बसतो. एका फाकेवर नुसतं ‘पडा’ आहे. ते आपलंच गाव, असं मी धरून चाललो आहे.

पुढच्या पिढीला एवढंही मिळणार नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतात कविता करणारे. गावाचं नाव वाचता आलं नाही तरी पत्र पोचू लागलं. आता पाकिटावर तिकिटाऐवजी यंत्रातून निघालेली पट्टी बसते. २०२५ साली तर रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात मिळून गेलं. त्या पट्टीवर रेघा असतात, चित्र नसतं. तिला कुणी पाण्यात भिजवून सोडवणार नाही.

म्हणून खानदेशातल्या वाचकांना एक विनंती. माळ्यावर, ट्रंकेत, बंद पडलेल्या जिनिंगच्या कपाटात जुनी पाकिटं, पोस्टकार्डं सापडली तर रद्दीत घालू नका. तिकीट कापून ठेवू नका आणि पाण्यात तर मुळीच टाकू नका. पाकीट जसं आहे तसं, शिक्क्यासकट, डांबराच्या गोळ्या न घालता, कोरड्या जागी आडवं ठेवा. त्यावर ‘ई. खानदेश’ असेल तर एवढं मला कळवा. माझ्या वहीत ते येणे आहे.